अर्धं बघितलेलं भूत

नव्वदच्या दशकातल्या ‘झी हॉरर शो’ या टीव्हीवरच्या भयमालिकेचं नाव निघालं की आज चाळिशी ओलांडलेली माणसं आधी हसतात. रबरी मुखवटा, सोडलेला धूर, करकरणारं दार आणि हातात मेणबत्ती घेऊन नको तिथे एकटीच जाणारी बाई. हसून झालं की आवाज जरा खाली येतो आणि एकेकाच्या पोतडीतून गोष्टी बाहेर पडायला लागतात. कोणी एखादा भाग बघितल्यापासून कित्येक वर्षं रात्री मागीलदारी एकटं गेलेलं नाही. कोणाला खाटेवरून पाय खाली सोडवत नसत. एका मैत्रिणीला अजूनही न्हाणीघरात डोळे मिटून तोंडाला साबण लावताना कसंतरीच होतं. कथानक विचारा, आठवत नाही. शेवटी त्या भुताचं काय झालं विचारा, तेही नाही. एक चेहरा, एक आवाज, एक दार, बास.

बुद्धीला हास्यास्पद वाटणारी गोष्ट अंगात इतकी वर्षं कशी मुरून राहते, यावर मानसशास्त्रात गेल्या चाळीसएक वर्षांत बरंच काम झालंय. ते बहुतेक अमेरिकेत झालं. पण वाचताना सारखं वाटत राहतं की हे आमच्या पडवीत बसूनच लिहिलंय. माझं मत आधीच सांगून टाकते. टीव्हीवरचं जे भूत आपण डोळे उघडे ठेवून शेवटपर्यंत बघितलं ते फार दिवस टिकलं नाही. टिकलं ते अर्धं बघितलेलं.

आधी एक शंका मिटवू. आपणच तेवढे भित्रे होतो का? १९९९ साली क्रिस्टन हॅरिसन आणि जोअॅन कँटर या दोघी संशोधकांनी कॉलेजच्या दीडशेच्या आसपास विद्यार्थ्यांना विचारलं, की लहानपणी टीव्हीवर किंवा सिनेमात काही बघून तुम्ही असे घाबरला होतात का, की ती भीती बघणं संपल्यावरही राहिली? दहातल्या नऊ जणांनी हो म्हटलं. त्यावेळी जेवण किंवा झोप बिघडली होती असं निम्म्या मुलांनी सांगितलं. आणि जवळजवळ चौथा हिस्सा म्हणाला की त्यातलं थोडं अजून शिल्लक आहे. ही सगळी धडधाकट, कॉलेजात जाणारी मुलं होती. तेव्हा न्हाणीघरातल्या साबणाची लाज वाटायचं कारण नाही.

आता मेंदूत काय होतं ते. कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढी एकेक गाठ असते. तिला अमिग्डाला म्हणतात. तिचं काम खळ्यातल्या राखणीच्या कुत्र्यासारखं. गडग्यापाशी काही हललं की तो आधी भुंकतो. पाहुणा आहे की चोर, हे मालक बॅटरी घेऊन बाहेर आल्यावर ठरतं. मालकाचं काम कपाळामागच्या भागाकडे. ‘अरे, हा तर टीव्ही आहे, आत नट आहेत’ हे तो भाग सांगतो. पण हा भाग माणसात सगळ्यात शेवटी पिकतो, पार विशी उलटून जाते. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाकडे भुंकणारा तयार असतो आणि बॅटरीवाला अजून पाळण्यात.

भुंकणं सुरू झालं की अंगात अॅड्रिनलिन सुटतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात, केस उभे राहतात. हेच रसायन मेंदूला आणखी एक निरोप देतं, की आत्ता जे दिसतंय ते पक्कं साठवून ठेव, पुढे जीव वाचवायला लागेल. पाढे घोकून विसरतात आणि घोकावंही न लागता तो चेहरा राहतो, त्याचं कारण हे. साठवताना मेंदू निवडकही असतो. धोक्याची वस्तू ठळक, बाकी सगळं पुसट. म्हणून चेहरा राहतो आणि कथानक जातं.

पण सगळ्या वयाची मुलं एकाच गोष्टीला घाबरत नाहीत, आणि इथे मोठ्यांची हमखास फसगत होते. तीन वर्षांच्या मुलाला टीव्ही म्हणजे काय हेच नीटसं कळलेलं नसतं. १९९० साली जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना टीव्हीवर लाह्यांनी भरलेलं भांडं दाखवलं आणि विचारलं, हा टीव्ही उलटा केला तर लाह्या सांडतील का? तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांनी सांडतील म्हणून सांगितलं. चार वर्षांच्यांना बहुतेक कळत होतं, की नाही सांडणार. आता ज्याच्या मते लाह्या सांडू शकतात, त्याच्या मते आणखी काय काय त्या पेटीतून बाहेर येऊ शकतं, याचा विचार करून बघा.

पुढे सहा-सात वर्षांपर्यंत मुलाची भीती दिसण्यावर चालते. जे भयानक दिसतं ते वाईट, मग ते मनाने कितीही चांगलं असो. कँटर आणि ग्लेन स्पार्क्स यांनी हे एका अमेरिकन मालिकेवरून दाखवलं. तिच्यात एक साधा डॉक्टर रागावला की अंगाने फुगून हिरवागार राक्षस होतो आणि लोकांना वाचवतो. मोठ्या मुलांना तो नायक वाटे. बालवाडीतल्या मुलांची मात्र तो हिरवा होताना गाळण उडे. वाचवतोय की मारतोय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. माणूस बघता बघता दुसरं काहीतरी झाला, एवढं पुरेसं होतं.

आमच्याकडे हे काम दूरदर्शनवरच्या ‘विक्रम और वेताल’ने केलं. साल १९८५. पांढरे मोकळे केस सोडलेला वेताळ झाडाला लोंबकळतो आणि राजाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगतो. गोष्टी नीतीच्या, न्यायाच्या होत्या. पाच वर्षांच्या मुलाने न्याय ऐकलाच नाही, त्याने केस बघितले.

गंमत अशी की दक्षिण कोकणात वेताळ हा परका नाही. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं मोठं देऊळ आहे. त्याला केळ्यांचे घड वाहतात, चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा. त्यामुळे एखादं पोर टीव्हीसमोर किंचाळलं की आजी त्याला जवळ ओढून म्हणायची, “घाबरतंस कित्याक? तो आपलो राखणदार मां!” पोराला हे पटायचं का? दिवसा पटायचं.

आजीच्या भुतांची मला नेहमी एक गोष्ट जाणवते. त्यांना पत्ता असायचा. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्याशी, देवचार त्याच्या ठरलेल्या वाटेवर. वेळ ठरलेली, सुटायची युक्तीही ठरलेली. मागे वळून बघायचं नाही, हाकेला लगेच ओ द्यायची नाही, तिन्हीसांजेला विहिरीवर जायचं नाही. आणि हे नियम अगदीच पोकळ नव्हते. अंधारात विहिरीच्या कठड्याशी किंवा पालापाचोळ्यातल्या फुरशाशी गाठ पडण्यापेक्षा पोर घरात घाबरून बसलेलं बरं. भीतीवरच्या प्रयोगांत एक गोष्ट वारंवार दिसली आहे. धोका कधी येणार हे आधी कळत असेल, तर माणूस तेवढ्यापुरता घाबरतो आणि मधल्या वेळात निवांत असतो. कधी येईल याचा नेमच नसेल, तर तो सगळा वेळ ताणलेला राहतो. टीव्हीतल्या भुताला ना पत्ता ना वेळ. ते आरशात येतं, फोनमध्ये येतं, पलंगाखाली येतं, म्हणजे नेमकं आपल्याच घरात येतं. पिंपळ टाळून जाता येतं. न्हाणीघर कसं टाळणार?

आठ-नऊ वर्षांनंतर गाडी रुळ बदलते. हिरवा राक्षस हास्यास्पद वाटायला लागतो आणि जे खरोखर घडू शकतं त्याची भीती वाटू लागते. १९८३ साली अमेरिकेत अणुयुद्धानंतरच्या विध्वंसावरचा एक टीव्हीपट दाखवला गेला. सगळे धास्तावले होते, की लहान मुलांचं काय होईल. कँटर यांनी पालकांकडे चौकशी केली तेव्हा उलटंच निघालं. सगळ्यात कमी हलली ती सगळ्यात लहान मुलं. जरा मोठी जास्त, आणि पालक स्वतः सगळ्यात जास्त. लहानग्यांना त्यात राक्षस दिसला नाही. मोठ्यांना अर्थ दिसला.

दूरदर्शनवर हरवलेल्या माणसांची माहिती देत. फोटो, वय, उंची, रंग, अंगावरचे कपडे, सगळं एका संथ, कोरड्या आवाजात. त्यात कसलंही भूत नव्हतं. तरी चौथी-पाचवीतल्या मुलांना त्याने जेवढं घाबरवलं तेवढं भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंनाही जमलं नसेल. आपल्याएवढी मुलगी, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, आणि ती घरी पोचलेली नाही. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामीही अशीच. लाटांनी दाणादाण उडवली ती अंदमान-निकोबारची, तमिळनाडूची, केरळची. पण बातम्यांत ते पाणी दिवसभर पुन्हा पुन्हा आत शिरत होतं, आणि ज्यांच्या घरात समुद्राची गाज झोपेतही ऐकू येते अशी किनाऱ्यावरची मुलं ते बघत होती. तीच फीत दहादा दाखवली की अगदी लहान मुलाला वाटू शकतं, दहा लाटा आल्या. आणि दहावीतल्या मुलाला एकाच लाटेचा हिशोब पुरतो, कारण आपलं घर पुळणीपासून किती पावलांवर आहे हे त्याला माहीत असतं.

आता डोळे झाकण्याकडे येते. आम्ही सगळेच ते करत होतो. गोधडी डोक्यावरून ओढायची, बोटांच्या फटीतून बघायचं, किंवा पुढे बसलेल्या ताईच्या पाठीआड लपायचं. बार्बरा विल्सन यांनी याचाही छडा लावला. डोळे झाकलेत तरी चालेल असं सांगितल्यावर लहान मुलांची भीती कमी झाली, मोठ्या मुलांची मात्र वाढली. त्याचा उलगडा असा करतात, की डोळे झाकता येतात पण आवाज येतच राहतो, आणि हे मोठ्या मुलाला कळतं. दिसत काही नाही आणि ऐकू सगळं येतंय. मग चित्र आपलं आपण काढायचं, आणि स्वतःच्या कल्पनेतल्या चित्राला रबरी मुखवटा नसतो.

आवाजाचं सामर्थ्य वेगळंच आहे. माणसाच्या किंकाळीत आवाजाचा जोर सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा वरखाली होतो, त्यामुळे तो कानाला खरखरीत, सोलल्यासारखा लागतो. साध्या बोलण्यात असं नसतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा खरखरीतपणा जितका जास्त तितका अमिग्डाला जास्त चाळवतो असं दिसलं. धोक्याच्या भोंग्यातही हाच गुण असतो. भयमालिकांचे संगीतकार तारेवर गज घासून जे किंचाळणं काढतात, तेही त्याच जातीचं. म्हणूनच ‘आहट’च्या वेळी आवाज बंद केला की तीच दृश्यं अचानक हास्यास्पद होत. हा उपाय आमच्या वाडीत एका आत्येभावाने शोधला होता. दुर्दैवाने बटण मोठ्यांच्या ताब्यात होतं.

तांत्रिक बिघाडसुद्धा आपल्या परीने हातभार लावायचे. आमच्याकडे मागे डोंगर, पुढे डोंगर, मध्ये अॅन्टेना. थेट येणाऱ्या लहरीबरोबर तीच लहर डोंगरावर आपटून किंचित उशिरा पोचायची, आणि पडद्यावर प्रत्येक माणसाच्या उजव्या अंगाला त्याचीच एक फिकट आकृती उभी राहायची. बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागे त्यांचंच भूत. आणि कृष्णधवल टीव्ही बंद केला की चित्र आक्रसत आक्रसत मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. किरण पडदाभर पसरवणारी यंत्रणा बटण दाबताच थांबते, पण पिक्चर ट्यूबमधली तापलेली तार लगेच गार होत नाही आणि आत साठलेला विजेचा दाबही लगेच उतरत नाही. त्यामुळे किरण मधल्या एकाच जागी पडत राहतो. हे आता लिहायला सोपं आहे. तेव्हा माजघरात अंथरूण घातलेलं, मोठ्यांनी दिवा घालवलेला, आणि कोपऱ्यातून तो डोळा बघतोय. धाकटी भावंडं तर तो विझेपर्यंत कूस बदलत नसत. काही घरांत टीव्हीला लाकडी सरकती दारं असायची, ती धुळीसाठी होती म्हणतात. आम्हांला ती दुसऱ्याच कारणासाठी हवी होती.

बऱ्याचजणांसाठी टीव्ही दुसऱ्याच्या घरी असे, हा आणखी एक भाग. वाडीत एक-दोन टीव्ही, त्यांच्या ओटीवर पंधरा-वीस डोकी. गर्दीत भीती वाटते पण ती चवीची असते. शेजारी कोणाचा तरी गुडघा लागत असतो. खरा खेळ संपल्यावर. पाखाडीच्या पायऱ्या उतरायच्या, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा, माडांच्या बागेतून जायचं आणि हातातली बॅटरी मरायला टेकलेली. डॉल्फ झिलमन या संशोधकाने १९७० च्या दशकात एक साधी गोष्ट दाखवून दिली. मन एका विषयावरून दुसऱ्यावर चटकन जातं, पण अंगात चढलेली उत्तेजना हळूहळू उतरते. मधल्या वेळात समोर जे येईल त्याच्या नावावर ती जमा होते. मालिकेने वाढवलेली धडधड घेऊन आपण अंधारात शिरतो आणि ती धडधड अंधाराची आहे असं वाटतं. त्यात अंधार स्वतःही काम करतोच. उजेडात दचकावं त्यापेक्षा माणूस अंधारात जास्त दचकतो, हे स्नायूंचा झटका मोजून सिद्ध झालेलं आहे. अशा वेळी माडाची एक सुकी झावळी धप्पकन पडते, किंवा टिटवी डोक्यावरून ओरडत जाते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा जन्माला येतो. आणि एकदा का साकवावर असं झालं, की मालिका बंद पडली तरी साकव तिथेच असतो. भीतीला राहायला जागा मिळालेली असते.

आता अर्ध्याची गोष्ट.

भीती विरते कशी? पूर्वी समजूत होती की ती पुसली जाते. तसं होत नाही. घंटा वाजली की खाणं मिळतं हे शिकलेल्या कुत्र्यांना नुसतीच घंटा ऐकवत राहिलं तर लाळ थांबते, पण काही दिवसांनी ती परत येऊ शकते, हे रशियन शास्त्रज्ञ पावलोवने बघून ठेवलंय. म्हणजे जुना धडा आत असतोच. त्याच्यावर नवा धडा चढतो. ‘ते दिसलं आणि तरीही काही झालं नाही’ हा तो नवा धडा. तो शिकायला तिथे थांबावं लागतं. भूत दिसलं, किंचाळणं झालं, मग ओझा आला, मंत्र म्हणाला, भुताची राख झाली, शेवटी नावं पडदाभर वर सरकली, मध्येच साबणाची जाहिरात लागली. एवढं सगळं बघितलेल्या मुलाच्या मेंदूत भुताबरोबर त्याचा शेवटही साठवला जातो.

आमच्यापैकी कितीजणांना तो शेवट मिळाला? ऐन वेळी लाईट जायची. तेव्हाचं कोकणातलं लोडशेडिंग आणि पावसाळ्यातल्या तारांवर पडणाऱ्या फांद्या, दोघांनाही कथेची कदर नव्हती. किंवा मोठ्या माणसाच्या एकदम लक्षात यायचं की पोरं जागी आहेत, आणि “चला झोपायला” म्हणून नेमकं दार उघडत असताना उठवायचं. किंवा आम्हीच गोधडीत शिरायचो आणि बाहेर यायचो तेव्हा जाहिरात लागलेली असायची. तिन्हीत मुलाकडे काय राहतं? दार उघडतंय. ते आजतागायत उघडतंय. मागे सांगितलेल्या मैत्रिणीने त्या भागातलं न्हाणीघर आणि नळ एवढंच बघितलं होतं, पुढे ती आईच्या पदरात.

टाळण्याचा दुसरा तोटा असा की ते यशस्वी वाटतं. मागीलदारी गेले नाही, काही झालं नाही. म्हणजे न गेल्यामुळेच वाचले. मेंदू प्रत्येक वेळी हा खोटा पुरावा फायलीला जोडत जातो आणि फाईल जाड होते.

याच मुलुखात घाबरवण्याची एक जुनी, फार शहाणी पद्धत आहे, ती बघितली की टीव्हीत काय कमी पडलं ते कळतं. शिमग्याच्या खेळ्यांत संकासुर येतो. काळा पायघोळ वेष, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला वाजणारे घुंगरू. खळ्यात शिरला की लहान पोरं आईच्या मांडीत घुसतात. तळकोकणातल्या दशावतारातही आख्यानाआधीच्या भागात संकासुर असतो, आणि तो मालवणीतून असे काही टोमणे मारतो की ज्याला बघून रडू आलं त्याच्यावरच पोर हसायला लागतं. शेवटी त्याचा वध होतो, तोही समोर. जत्रेत मुलं मुद्दाम मागच्या बाजूला जाऊन नट आरशासमोर स्वतःच रंग फासताना बघतात. राक्षस झालेले काका बिडी ओढत असतात. दुसऱ्या दिवशी तेच एसटी स्टँडवर भेटतात.

अमेरिकेत त्या हिरव्या राक्षसाच्या बाबतीत नेमका हाच प्रयोग झाला. मुलांच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात त्या नटाला रंग लावून राक्षस कसा करतात ते दाखवलं होतं. ते बघितलेल्या मुलांची भीती कमी झाली. आमच्या जत्रेत हे वर्षानुवर्षं चालू होतं, त्यावर शोधनिबंध लिहायला मात्र कोणी बसलं नाही. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली तेव्हाही याचं एक रूप दिसलं. कोकण म्हणजे भुतंखेतं असं चित्र उभं राहतंय म्हणून इथूनच नाराजी उमटली, ती समजण्यासारखी होती. पण सावंतवाडीजवळ आकेरीतल्या ज्या वाड्यात चित्रीकरण झालं, तो बघायला लोक पोराबाळांसह जायला लागले. भर दुपारी, उन्हात, वाड्यापुढे उभं राहून फोटो काढायचे. चिरे, कौलं, अंगण, तुळस. घाबरलेल्या मुलासाठी याहून चांगला उपचार मला तरी सांगता येणार नाही.

आठवणींबद्दल एक सावधगिरी. जे इतकं लख्ख दिसतं ते तसंच घडलं होतं असं मात्र धरून चालू नका. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात एक प्रयोग नोंदवलाय. त्यांनी केंब्रिजमधल्या लोकांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांची कथा वाचायला दिली आणि काही काळाने पुन्हा सांगायला लावली. सांगणाऱ्यांनी न कळलेले भाग गाळले आणि उरलेलं आपल्या ओळखीचं करून घेतलं. कोरून केलेल्या डोंगीची साधी नाव झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. आपणही तेच करतो. दूरदर्शनवरचं दार, केबलवरचा चेहरा, व्हिडिओवर बघितलेल्या ‘वीराना’ या भयपटातला जंगलाचा रस्ता आणि आजीचा देवचार यांची एक चौरंगी मालिका आपल्या डोक्यात तयार असते, जी कुठल्याच वाहिनीवर कधी लागली नव्हती. भीती खरी, फीत जोडलेली.

आता तुमच्या घरातल्या, मोबाइलवर नको ते बघून आलेल्या पोराबद्दल. सहा-सात वर्षांखालच्या मुलाला ‘ते खरं नसतं’ हे सांगून जवळजवळ काही साधत नाही. मोठ्या मुलांना मात्र याचा उपयोग होतो. लहानाला मांडी, पाणी, खाऊ, उजेड, सोबत. “घाबरा नको, मी आसय मां” यातलं ‘मी आसय’ काम करतं. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचं खायला देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला आणि भीती घालवली. त्यात भाषण कुठेच नव्हतं.

समजावायला जाल तर शब्द जपून. विल्सन आणि कँटर यांनी १९८७ साली मुलांना एका साहसपटातला सापांचा प्रसंग दाखवण्याआधी सांगून बघितलं, की बहुतेक साप विषारी नसतात. दुसरी-तिसरीच्या मुलांना थोडा धीर आला. त्याहून लहान मुलं उलट जास्त घाबरली, कारण त्यांनी वाक्यातला ‘विषारी’ एवढाच शब्द उचलला. हा प्रयोग आमच्या वाडीत कोणीही रोज करत असतं: “अरे, ती धामण, ती काय घोणस नाय.” पोर घोणस घेऊन झोपतं.

मधेच झटक्यात टीव्ही बंद करण्यापेक्षा, मूल तयार असेल तर शेजारी बसून आवाज कमी करून शेवट दाखवणं किंवा निदान तोंडी सांगणं बरं. नंतर तो मुखवटा कसा बनवतात त्याची चित्रफीत दाखवा. तयार नसेल तर जबरदस्ती नको. ‘एवढा मोठा झालास आणि घाबरतोस’ हे तर नकोच, त्याने भीती जात नाही, फक्त सांगणं थांबतं. आणि झोप, जेवण, शाळा कित्येक आठवडे बिघडलेलीच राहिली, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. बाहेरचं काढणाऱ्याकडे नेलंत तर त्या भुताला आपण रीतसर मान्यता दिली असं होईल.

मोठ्यांसाठी उपाय सोपा आहे. जुने भाग यूट्यूबवर पडलेले आहेत. दुपारी, जेवण झाल्यावर, खिडक्या उघड्या ठेवून, आवाजासकट लावा आणि नावं येईपर्यंत उठू नका. माझ्या त्या मैत्रिणीने तो भाग लावला. त्यातल्या न्हाणीघराच्या नळातून पुढे जे काही आलं ते टोमॅटो केचप असावं असं तिचं म्हणणं, आणि भुताच्या मनगटात घड्याळ होतं.